म्हातारी काशी आणि किनाऱ्यावरचं पिल्लू: पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येईल का?

बावीकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार. आम्ही मिठबांवजवळ राहतो, देवगड तालुका. घरात दोन गावठी कुत्री आहेत आणि गुरुवारपासून एक पिल्लू आलंय. पिल्लू आमचं नाही, महिना-सव्वा महिना सांभाळायचं आहे. कोल्हापूरचं एक कुटुंब तिला कायमचं नेणार आहे. त्यांच्या घराचं काम चालू आहे, तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणालेत.

ती सापडली तांबळडेगच्या किनाऱ्यावर. रापण ओढून माणसं गेली की जाळ्याच्या ढिगाशेजारी एकटीच बसलेली दिसायची. दोन संध्याकाळी लांब उभं राहून बघितलं, आई येते का म्हणून. नाही आली. तिसऱ्या दिवशी उचलली. अंग ओलं, कानात वाळू, पोट टम्म फुगलेलं. दुधाचे दात सगळे आलेत, म्हणजे सात-आठ आठवड्यांची असावी. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने नाव ठेवलं तिसरी. घरातलं तिसरं कुत्रं म्हणून, आणि आम्ही तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जातो तिथेच मिळाली म्हणूनही.

आता घरातली दोघं. तांबू चार वर्षांचा, दांडगा, मनाने भाबडा. त्याला कोणीही चालतं. काशी अकरा वर्षांची, काळी, तोंड पांढरं झालेलं. मागचे पाय धरतात, पडवीची पायरी चढताना हल्ली थांबते. काशी खरं तर माझ्या सासूबाईंची. सासूबाई गेल्या वर्षी चातुर्मासात गेल्या. पडवीत त्यांची खाट आहे, ती आम्ही हलवलेली नाही. काशी लहानपणापासून त्या खाटेखाली झोपते. दुपारी सासूबाईंचा हात खाली लोंबायचा आणि तिच्या पाठीवर असायचा.

चूक माझी आहे, ती सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट उत्तर देता येणार नाही. पिल्लू आणलं आणि सरळ खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात सोडलं. तांबूने हुंगलं, पंजा मारून लोळवलं, पळवलं, तिलाही मजा आली. मला वाटलं, झालं, जमलं. दुपारी ऊन वाढलं तशी तिसरी सावली शोधत खाटेखाली शिरली. काशी गुरगुरली. मी आतून ओरडले, "काशी, गप!" आणि केरसुणी आपटली. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी तर मी तिला कानाला धरून बाहेर काढलं आणि पिल्लाला तिथे झोपू दिलं, तिची सवय मोडावी म्हणून.

आज सकाळी काशी गुरगुरलीच नाही. तिसरी खाटेखाली गेली आणि दुसऱ्या क्षणाला किंचाळली. कानामागे नखाएवढी जखम आहे, रक्त थोडं आलं. पिल्लू ठीक आहे, खातंय. पण काशी उठून बावीजवळ (विहिरीजवळ) जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत आली नाही, जेवलीही नाही. मी भात घेऊन गेले तर तिने मान वळवली. अकरा वर्षांत तिने कुणाला दात लावलेला नाही.

माझे प्रश्न. मी सगळं बिघडवून ठेवलंय का? दोघींची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून देता येते का? की पिल्लाला दुसरीकडे ठेवणंच बरं? आणखी एक, पिल्लाला कालपासून पातळ होतंय. गाईचं दूध आणि भात देतेय.

न्हयकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ११.१५

बाय, काशीचो काय एक दोष नाय. कुत्रो गुरगुरता म्हणजे तो बोलता. तू तिका बोलाक दिलंस नाय, मगे ती दातानच बोलली. माका पण असाच झाला होता. आमचो म्हातारो कुत्रो शेजारच्या पोराक गुरगुरलो, मी तेका चपलेन हाणलंय. आठ दिवसान तो त्याच पोराक काय एक आवाज न करता चावलो. तेव्हापासून मी कुत्र्याची गुरगुर कधी बंद केलंय नाय.

ती खाट काशीची हा. ती तिकाच ठेव, पिल्लाक थय जावक देव नको. आणि पिल्लाक रातचा खळ्यात ठेवू नको. आमच्या वाडीतसून बिबट्यान दोन कुत्रे नेल्यान, ते तर मोठे होते.

गुरांचा_डॉक्टर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

ताई, वागण्याचं इतर लोक सांगतील. मी आधी आजाराचं सांगतो, कारण ते जास्त निकडीचं आहे.

किनाऱ्यावरून उचललेलं, लस न झालेलं पिल्लू पहिले १४ दिवस वेगळंच ठेवायचं असतं. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार. त्याची लागण झाली की लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात, कधी १४ पर्यंतही जातात. आज पातळ होतंय ते दुधामुळे असेल, जंतांमुळे असेल. फुगलेलं पोट म्हणजे बहुतेक वेळा जंत. पण ते घरी बसून ठरवू नका, आजच दाखवा. उलट्या सुरू झाल्या, खाणं सोडलं, जुलाबात रक्त किंवा घाण उग्र वास आला तर तासही थांबू नका. एवढंसं पिल्लू पाणी कमी होऊनच जातं.

गाईचं दूध बंद. मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा काटे नीट काढलेला उकडलेला मासा, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मीठ-मसाला नाही, सुकी मासळी नाही.

जागेबद्दल नीट वाचा, कारण कोकणातल्या घरात इथेच चूक होते. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. ब्लीचने मरतो. दुकानातलं लिक्विड ब्लीच एक भाग, पाणी ३० भाग, आधी घाण साबणाने धुऊन काढायची आणि मग हे पाणी दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. पण शेणाने सारवलेल्या खळ्यावर किंवा मातीवर ब्लीचचा उपयोग होत नाही, त्याचा जोर शेणमातीतच संपतो. म्हणून पिल्लू लादीवर किंवा कोब्यावर ठेवा. न्हाणीघर, मांगरातला (घराशेजारच्या खोपीतला) कोबा, काहीही, पण धुता येईल अशी जागा. तिची शी-शू तिथेच.

तुमच्या मोठ्या दोघांना कोणत्या लसी झाल्यात ते कळवा. रेबीजची झाली म्हणून बाकीच्या झाल्या असं होत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारांची लस वेगळी असते. लेप्टो तर आपल्याकडे पावसाळ्यात आणि भातकापणीत माणसांनाही होतो, उंदराच्या मुतातून येतो, आणि कुत्र्यालाही होतो. पिल्लाची घाण काढताना हातमोजे घाला.

पिल्लाला पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी, ती १६ आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध वजन करून, आजच.

आणि मुलीबद्दल. या वयाची पिल्लं दातांनी खेळतात. दात किंवा नख लागून कातडी फुटली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. एवढंसं तर आहे, त्याला काय होणार, असं म्हणून सोडू नका.

काशीचे मागचे पाय धरतात म्हणालात. तिलाही तपासा. दुखणारं कुत्रं पिल्लाला सहन करू शकत नाही. मात्र घरातली आपली दुखण्याची गोळी तिला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतात.

कातळसडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

एवढं अवडंबर कशाला? आमच्याकडे दरवर्षी पिल्लं येतात. मोठी कुत्री एकदा दणका देतात, पिल्लू समजतं, विषय संपतो. माणसाने मध्ये पडू नये.

पाणंद | १३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

कातळसडा, मोकळ्या वाडीत ते चालतं, कारण तिथे म्हाताऱ्या कुत्रीला उठून निघून जाता येतं. पडवीच्या कोपऱ्यात, खाटेखाली, मागे भिंत आणि पुढे पिल्लू असताना काशी कुठे जाणार? शिवाय तिचे पाय दुखतात. जाता येत नाही म्हणूनच ती चावली.

बावीकाठची, मी गुहागरकडची. गेल्या सहा वर्षांत माझ्याकडे नऊ पिल्लं अशी थोड्या दिवसांसाठी राहून गेली. माझी स्वतःची दोन मोठी कुत्री आहेत. तुम्ही काही बिघडवलेलं नाही. कुत्र्यांना दुसरी संधी देता येते, फक्त मध्ये थोडे दिवस कोरे जावे लागतात. डॉक्टरांनी १४ दिवस सांगितलेत ते तुमच्या फायद्याचेच आहेत. त्या दिवसांत काशीला पिल्लू दिसणार नाही आणि केरसुणीचा आवाजही येणार नाही. तिचा राग पिल्लावर जेवढा आहे त्याहून जास्त भीती त्या आवाजाची असेल. खाटेजवळ पिल्लू आलं की आपल्याला ओरडा बसतो, असं तिच्या डोक्यात बसलंय. ते पुसायचं आहे.

पहिलं काम, खाट. ती काशीची आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, मुलीलाही. खाटेच्या समोर चिव्याच्या काठ्यांचं बुटकं बेडं करून घ्या. काशी ओलांडू शकेल आणि पिल्लू शिरू शकणार नाही एवढं उंच. तिचे पाय दुखतात तर एका बाजूला फट ठेवून तिथे पाट आडवा लावा, ती आली की काढायचा. कटकटीचं आहे, पण महिन्याभराचंच काम आहे.

दुसरं, वास. पिल्लू झोपतं ते पोतं दोन दिवसांनी तांबू-काशीच्या वावराच्या जागेजवळ ठेवायचं, त्यांच्या अंथरुणावर मात्र नाही. काशीच्या अंगाखालची जुनी साडी पिल्लाकडे. हे मात्र डॉक्टरांनी जुलाब साधे आहेत असं सांगितल्यावरच, आधी नाही. पोतं आलं की काशीला काहीतरी आवडीचं द्या. तिने हुंगून तोंड फिरवलं तरी चालेल. ओढून तिचं नाक पोत्याला लावू नका.

तिसरं, १४ दिवसांनंतरची पहिली भेट घरात करू नका. खळं, पडवी, बाव सगळं त्या दोघांचं आहे. किनाऱ्यावरही नेऊ नका. भटकी कुत्री असतात, पिल्लाची लस पुरी झालेली नसते, आणि नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा किनाऱ्यावर कुत्री मोकळी सोडूच नयेत. शेजारी कुणाची चिऱ्याच्या कंपाउंडची कलमबाग असेल, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत, ती मागून घ्या. फक्त गडग्याच्या दगडांत पिल्लाला नाक खुपसू देऊ नका, फुरशासारखा विषारी साप असतो.

माणसं दोन हवीत. एकाकडे पिल्लू, एकाकडे मोठं कुत्रं, दोऱ्या सैल. समोरासमोर आणायचं नाही. दोघांनी एकाच दिशेने, मध्ये पंधरा-वीस पावलं सोडून चालायचं. हळूहळू अंतर कमी. आधी तांबू, एकटा. दोन-तीन दिवस ते जमलं की काशी, एकटी. दोन्ही मोठी एकदम कधीच नाही, एक बिथरलं की दुसरं त्याच्या बाजूने उतरतं. पाच मिनिटं झाली की घरी. सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच संपवायचं, हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

आणि काशीचं तोंड बघायला शिका. गुरगुर ही शेवटच्या काही पायऱ्यांतली एक आहे. तिच्या आधी ती बरंच काही सांगत असते, आपल्याला दिसत नाही.

बावीकाठची | १८ ऑक्टोबर, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. न्हयकाठ, तुमचं वाचून मी रात्री बावीवर जाऊन बसले होते. काशीजवळ, काही न बोलता. अर्ध्या तासाने ती उठून खाटेखाली गेली.

तिसरीला त्याच दिवशी दाखवलं. जंतच होते. औषधानंतर दुसऱ्या दिवशी शीतून शेवयांसारखे पांढरे जंत पडले. दूध बंद केल्यावर पातळ थांबलं. वजन २ किलो ३०० ग्रॅम भरलं. पहिली लस थोडं अंग धरल्यावर, पुढच्या आठवड्यात. तांबू-काशीला फक्त रेबीजची झाली होती, गावात शिबिर होतं तेव्हा. दोघांना दुसरी लसही दिली. काशीच्या कमरेत सांधेदुखी निघाली, तिला तिची गोळी सुरू झाली आहे. आज पायरी चढताना थांबली नाही.

पिल्लू मांगरात आहे, कोब्यावर. मुलगी रोज शाळेतून आली की हात धुऊन, माझी जुनी चप्पल घालून आत जाते आणि तिथेच बसून पाढे म्हणते. बाहेर येताना चप्पल दारातच ठेवते. हे तिनेच ठरवलं.

एक गोष्ट विचारायची होती. तांबू मांगराच्या दाराशी बसून रडतो, त्याला खेळायचंय. थोडं सोडू का?

गुरांचा_डॉक्टर | १८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

नको. त्याचीही लस नुकतीच झालीय, अंगात ताकद यायला दिवस लागतात. रडू दे.

बावीकाठची | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

उद्या तिसरी जाते. जाण्याआधी काय झालं ते लिहून ठेवते, इथे कुणाला तरी उपयोगी पडेल.

२६ तारखेला पहिली भेट झाली, पलीकडच्या काकांच्या कलमबागेत. तांबूबरोबर काही कष्टच पडले नाहीत. दुसऱ्या फेरीला त्याने पुढचे दोन पाय खाली टेकले, बूड वर केलं, आणि दोघं सुटली. अडचण वेगळीच निघाली. तांबू थांबतच नाही. पिल्लू दमलं, चावरं झालं, तरी हा लोळवतोच आहे. पाणंद, तुम्ही पाच मिनिटं म्हणाला होतात ते मला तांबूमुळे पटलं. दमलेली तिसरी एकदम कजाग होते, कुणाचाही कान धरते. तिला उचलून मांगरात ठेवलं की दोन मिनिटांत झोपते. दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते या वयात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती.

काशीला तीन दिवसांनी नेलं. यजमानांकडे तिसरी, माझ्याकडे काशी. मी तिच्याकडेच बघत चालले होते, पिल्लाकडे एकदाही बघितलं नाही. आणि तेव्हा मला ते दिसलं. तिसरी वीस पावलांवर होती तेव्हा काशीचं तोंड उघडं, जीभ बाहेर, चाल सैल. पंधरा पावलांवर तोंड मिटलं. बस, एवढंच. मग ओठांवरून जीभ फिरली, नाकापर्यंत, झटकन. मग तिने मान दुसरीकडे वळवली, पण डोळा पिल्लाकडेच, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसत होती. तोंड मिटलं तिथेच मी थांबायला हवं होतं, मी दोन पावलं जास्त गेले. गुरगुर त्यानंतर आली. अगदी हळू, गळ्यातल्या गळ्यात. इतक्या दिवसांनी ती पुन्हा गुरगुरली आणि मला खरंच बरं वाटलं. मी "ठीक आहे काशी" म्हटलं आणि तिला घेऊन मागे वळले. तिचं तोंड पुन्हा उघडलं.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. मिटलेलं तोंड दिसलं की मागे. आठवड्याने अंतर चार पावलांवर आलं. त्यानंतर एक दिवस काशीने स्वतःच जाऊन तिसरीचं बूड हुंगलं आणि निघून आली. पिल्लू तिच्या मागे गेलं, शेपटीला लोंबकळायला. काशीने मागे वळून हवेत एक चावा घेतला, दात लागला नाही. तिसरी बसली. मी काही बोलले नाही, यजमानांनाही बोलू दिलं नाही. पोटात गोळा आला होता खरा.

आता घरातलं. बेडं केलं, तुम्ही सांगितलं तसं. फट आणि पाट यांचं लेकीला भारी कौतुक, काशी आली की ती धावत जाऊन पाट काढते. जेवणाच्या थाळ्या तिघांच्या तीन जागी. तांबू खळ्यात, काशी पडवीत, तिसरी मांगरात, आणि थाळ्या उचलल्याशिवाय कुणाला कुणाकडे सोडत नाही. एकदा विसरले. नारळ सोलत होते, तांबूची थाळी खळ्यात राहिली, तिसरी गेली, आणि तो भाबडा तांबू थाळीवर मान रोखून ताठ उभा राहिला. नुसता ताठ, आवाज नाही. मी लांबून तिसरीला हाक मारली, ती आली. तांबूची मला कधी काळजी वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली.

रात्री तिघंही आत असतात. बिबट्याचं न्हयकाठ म्हणाले ते खरं आहे, मागच्या आठवड्यात पाणंदीत पंजे दिसले.

किनाऱ्यावर अजून नेलेलं नाही. रापणवाले नको असलेले विषारी केंड मासे वाळूत टाकून देतात, पिल्लाने तोंड घातलं तर जिवावर बेतेल. उद्या येणाऱ्या लोकांनाही हे सांगणार आहे, कारण ते सुट्टीत मालवणला येतात म्हणे. लसीचं कार्ड, पुढच्या तारखा, जंताच्या औषधाची तारीख लिहून ठेवली आहे. दुसरी लस परवाच झाली. रेबीजची त्यांनी तिकडे द्यायची आहे. सहा महिन्यांची झाली की नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे मी निश्चिंत आहे. सोबत तिचं पोतं देणार आहे, न धुता.

त्यांच्या घरी एक पाच वर्षांची कुत्री आहे, हे मला परवा फोनवर कळलं. तासभर बोलले त्यांच्याशी. पहिली भेट घराबाहेर, एकेकटी, आणि त्या कुत्रीची झोपायची जागा कुठे आहे ते आधी विचारलं. जिन्याखाली, म्हणाल्या. तिथे आधी काहीतरी आडवं लावून घ्या म्हटलं.

कुणाला वाटेल काशी आणि तिसरी आता एकत्र झोपतात. नाही झोपत. दुपारी काशी खाटेखाली असते, तिसरी बेड्याबाहेर, काठीला नाक लावून. आज पाट लावायचा राहिला होता. तिसरी फटीपर्यंत गेली, आत पाय टाकला. काशी गुरगुरली. तिसरीने पाय मागे घेतला आणि तिथेच फटीत पसरली, पुढचे पंजे आत, बाकी सगळी बाहेर. काशीने बराच वेळ त्या पंजांकडे बघितलं आणि मग हनुवटी जमिनीवर टेकली.

न्हयकाठ | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

पाट लावू नको आजची रात.